चोरबत्तीची खरेदी

मराठी भाषेने ज्या निरपराध वस्तूंवर अन्याय केला आहे, त्यांची यादी कोणी कधीकाळी तयार केली, तर तीत चोरबत्तीचे नाव फार वर घालावे लागेल. रात्रभर जागणारा मनुष्य जी हातात घेऊन फिरतो, जिच्या भरवशावर सगळी आळी निर्धास्तपणे घोरत असते, आणि अंधार हेच ज्याचे भांडवल तो सराईत चोर जिला सहसा हातही लावीत नाही, त्या वस्तूच्या नावाच्या अग्रभागी भाषेने चोराची प्रतिष्ठापना करून ठेवली आहे. गावगाड्यात जो पहारा करी त्याला, तो जागतो म्हणून, ‘जागल्या’ असे सरळ नाव मिळाले. त्याच्या हातातल्या दिव्याला मात्र, तो ज्याच्यावर पाडावयाचा, त्याचे. व्युत्पत्तीचा थोडाफार नाद असलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे कोडे सुटण्यास फार वेळ लागत नाही. चोरदरवाजा चोराचा नसतो, चोरकप्प्यात चोर बसत नाही, आणि चोरपावलांनी घरात शिरणारा बहुधा उशिरा परतलेला घरधनीच असतो. येथे ‘चोर’ याचा अर्थ ‘दडलेला’ एवढाच. कंदील एकदा लावला की मालवीपर्यंत सर्वांच्या डोळ्यांदेखत जळत राहावयाचा. ही बत्ती मात्र कळ दाबीपर्यंत आपला उजेड पोटात दडवून बसते, म्हणून ती चोरबत्ती. हा खुलासा मला स्वतःला पूर्णपणे पटलेला आहे. परंतु गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत अशा खुलाशांचा काडीमात्र उपयोग होत नाही, हा अनुभव मी गेल्या उन्हाळ्यात पदरी बांधला.

आमची संस्था जळगावात आहे. पाण्याच्या टाकीवर पाणी चढविणाऱ्या मोटारीची तांब्याची केबल एके रात्री कोणीतरी हातभर ठेवून बाकीची कापून नेली, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नळाला पाणी आले नाही त्या सर्वांनी मिळून, एरवी गणपूर्तीअभावी नेहमी तहकूब होणारी सभा एकमुखाने भरविली. अर्ध्या सभासदांचे म्हणणे असे पडले की राखणदार झोपला होता. उरलेल्या अर्ध्यांचे असे की राखणदार जागा होता आणि तेच अधिक चिंताजनक आहे. राखणदार धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा. तो दाराशी उभा राहून हे सारे निर्विकारपणे ऐकत होता. अखेर अध्यक्षांनी त्याला त्याची बाजू मांडण्यास फर्मावले, तेव्हा त्याने अहिराणीत चारच शब्द उच्चारले: “अंधारामा काय दिसी, भाऊ?” सभेजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि ज्या प्रश्नाला उत्तर नसते त्यावर ठराव करण्याचा सहकारी संस्थांचा शिरस्ता असल्यामुळे, ‘राखणदारास योग्य त्या क्षमतेची विजेरी घेऊन देण्यात यावी, खर्च एक हजार रुपयांच्या आत असावा’ असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. ‘योग्य ती क्षमता’ म्हणजे किती, हे ठरविण्यासाठी तिघांची उपसमिती नेमली गेली: अध्यक्ष, जे भुसावळहून रेल्वेचे गार्ड म्हणून निवृत्त झाले होते, खजिनदार, जे डाळीचे व्यापारी होते, आणि चिटणीस या नात्याने मी, ज्याची एकमेव पात्रता अक्षर सुवाच्य आहे ही होती.

हयात कचेरीत गेलेल्या माणसाला बाजारात जाण्यापूर्वी नियम पाहिल्यावाचून राहवत नाही. आमचा राखणदार कोणत्याही एजन्सीचा नव्हता, सबब खासगी सुरक्षा यंत्रणांविषयीचा २००५ सालचा केंद्रीय कायदा त्याला लागू नव्हता. तरीही पहारेकऱ्याजवळ काय काय असावे याबद्दल सरकारचे मत तरी कळेल, म्हणून मी त्या कायद्याखालचे २००६ सालचे नमुना नियम मिळवून वाचले. सुरक्षारक्षकाला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष जागेवर शिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. त्याच्या दंडावर एजन्सीचा बिल्ला असावा, डोक्याला टोपी असावी, पायांत नाडी ओवण्याची भोके असलेले बूट असावेत, आणि शिट्टी दोरीला बांधून डाव्या खिशात ठेवलेली असावी, असेही आहे. ती उजव्या खिशात सापडल्यास सार्वजनिक सुरक्षिततेवर कोणता प्रसंग ओढवतो, याचा विचार करण्यात माझी एक संपूर्ण दुपार गेली. पण बुटाच्या भोकांपर्यंत पोचलेल्या त्या सूक्ष्मदर्शी यादीत दिवा मात्र मला कोठे आढळला नाही. याचा अर्थ, एक तर चोर कचेरीच्या वेळेत येतो, किंवा साठ तासांच्या शिक्षणात मनुष्याला घुबडासारखे दिसू लागते, असाच करावा लागतो. अध्यक्षांनी मात्र याचा निराळाच निष्कर्ष काढला, आणि त्याच सायंकाळी राखणदाराची शिट्टी त्याच्या उजव्या खिशातून काढवून डाव्या खिशात ठेवविली.

उपसमितीच्या पहिल्याच बैठकीत असे ध्यानात आले की आम्ही तिघे तीन वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहोत. अध्यक्ष जिला ‘टॉर्च’ म्हणत, तिला खजिनदार ‘बॅटरी’ म्हणत, आणि मी कार्यवृत्तात ‘विजेरी’ लिहीत असे. खान्देशात ‘बॅटरी’ हाच शब्द सार्वत्रिक आहे. पण तिच्या आत जी बॅटरी असते तिलाही दुकानदार आता बॅटरीच म्हणू लागल्यामुळे, ‘बॅटरीची बॅटरी वेगळी मिळते का’ असे विचारण्याचा प्रसंग खजिनदारांवर येई. पूर्वी ही अडचण नव्हती. पूर्वी आत असत ते ‘सेल’.

त्या सेलांची आठवण निघाली की माझे मन धुळ्याला जाते. माझे बालपण तेथे, पाचकंदिलापासून फार दूर नसलेल्या एका गल्लीत गेले. आणि ज्या गावाने आपल्या चौकाच्या नावात कंदिलांची मोजदाद करून ठेवली आहे, त्या गावी दिव्याला काय मान असेल, हे निराळे सांगावयास नको. आमच्या घरी दोन सेलांची, उभ्या पन्हळींची, चकचकीत कल्हईदार अशी एक चोरबत्ती होती. तिच्या मागच्या झाकणात, स्प्रिंगेच्या कुशीत, एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवलेला असे, आणि तो तेथे आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी ते झाकण इतक्या वेळा उघडले जाई की अखेर आटेच झिजले. सेल उतरले की वडील ते गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात वाळत घालीत, आणि धुळ्याच्या उन्हात त्यांच्या अंगी खरोखरच एखाद्या रात्रीपुरती धुगधुगी येई. सेलांच्या संख्येवरून मनुष्याची योग्यता ठरे: दोन सेल म्हणजे गृहस्थ, तीन म्हणजे फौजदार, आणि ज्याच्याजवळ पाच सेलांची लांबलचक बत्ती असे, त्याला रस्त्यात भेटणारा कोणीही आधी रामराम घाली, मग तोंड पाहून कोण आहे ते ठरवी. आम्ही मुले ती तोंडात धरून गाल लाल करून दाखवीत असू, आणि तळहाताखाली लावून आपल्या बोटांतले रक्त पाहून स्वतःच घाबरत असू. १८९९ साली अमेरिकेत या वस्तूचे पेटंट नोंदले गेले तेव्हा तिचा हा उपयोग अर्जात नमूद केला होता किंवा नाही, याची चौकशी मी केलेली नाही. तिचा प्रकाश पिवळा, मधोमध एक काळा डाग असलेला, आणि आजच्या मापाने पंधरा-वीस ल्युमेनपेक्षा अधिक नसावा. म्हणजे दीड मेणबत्तीची ती मातबरी. पण तेवढ्यावर माझे काका कपाशीच्या राखणीला जात आणि सकाळी कपाशीसह जागच्या जागी सापडत.

या पार्श्वभूमीवर आम्ही तिघे महात्मा फुले मार्केटमध्ये दाखल झालो. वैशाखातली दुपार होती. दुकानदाराने आमच्यासमोर एकामागून एक खोकी अशी मांडली की जणू मुलगी दाखवावयाची आहे आणि आम्ही वरपक्ष आहोत. पहिल्या खोक्यावर ‘एक लक्ष ल्युमेन’ असे छापलेले होते, दुसऱ्यावर ‘दोन किलोमीटर’, तिसऱ्यावर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’, आणि चौथ्यावर हे तिन्ही दावे एकत्र करून वर ‘अखंड बारा तास’ असे आश्वासन जोडलेले होते. चौथ्याची किंमत सहाशे वीस रुपये.

मी खिशातून कागद काढला. साधा साठ वॅटचा जुना बल्ब सुमारे सातशे ल्युमेन प्रकाश देई. म्हणजे एक लक्ष ल्युमेन म्हणजे असे दीडशेच्या जवळपास बल्ब, एका मुठीत. एलईडी काटकसरी खरी, पण तिलाही एका वॅटमागे सव्वाशे ल्युमेन धरले तर आठशे वॅट हवेत, म्हणजे घरच्या मिक्सरइतकी वीज. आता तो ९९०० चा आकडा वेदवाक्य मानला, तरी ३.७ व्होल्टच्या हिशेबाने त्या घटात वीज साठते सुमारे साडेछत्तीस वॅट-तास. भागाकार करून पाहिला, तेव्हा बारा तासांचा तो अखंड प्रकाश पावणेतीन मिनिटांत संपत होता. आणि तेवढ्यात हात भाजून बत्ती खाली पडली असती ती गोष्ट वेगळी. मी कागद दुकानदारापुढे सरकविला. त्याने तो आदराने पाहिला, आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला खोक्यावरचं काय सांगू? खोकं आम्ही छापत नाही.” इतक्या सचोटीचे उत्तर मी पूर्वी कोणत्याही कचेरीत ऐकलेले नव्हते.

घटाचा प्रश्न मात्र खजिनदारांच्या जिव्हारी लागला. या नव्या बत्त्यांत जो लिथियमचा नळकांडीसारखा घट असतो, त्याला ‘१८६५०’ असे म्हणतात. हा आकडा पाहून अध्यक्षांना प्रथम तो गाडीचा क्रमांक वाटला. वस्तुतः अठरा मिलिमीटर जाडी आणि पासष्ट मिलिमीटर लांबी, एवढाच त्याचा अर्थ. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या घटातही ३५०० च्या आसपास मिलिअँपिअर-तासांहून अधिक मावत नाहीत. ९९०० लिहिणारा मनुष्य घागरीत गिरणा भरल्याचे सांगत असतो. कायद्याप्रमाणे अशा घटावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आणि आय.एस. १६०४६ हा मानकांक असावा लागतो. समोरच्या घटावर त्या जागी वाघाचे चित्र होते. मी सहज बोलून गेलो की खऱ्या घटाचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. “म्हणजे साडेचार तोळे,” खजिनदार उद्गारले, आणि आयुष्यभर डाळ जोखलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत एक निराळीच चमक आली. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही तो घट घेऊन सराफ बाजारात उभे होतो.

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, आणि तेथील सराफांच्या काट्याला रतीचाही फरक खपत नाही, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ओळखीच्या एका सराफाने तो घट दोन बोटांनी उचलून, काट्यावर ठेवून, काचेचे दार लावून घेतले. काटा स्थिरावला. सत्तावीस ग्रॅम आणि काही मिलिग्रॅम. “पावणेतीन तोळ्यांनाही कमीच,” सराफ गंभीरपणे म्हणाला, आणि सवयीने पुढे विचारता झाला, “मोडायचा आहे की बदलून काही घडवायचं?” आत काय भरले आहे हे उघडून पाहण्याची खजिनदारांची फार इच्छा होती, पण लिथियमला हवा सोसत नाही आणि सराफाच्या पेढीवर आग लागणे बरे नव्हे, असे सांगून मी ती कशीबशी परतविली. घट परत घेताना दुकानदाराने वजनाचा आकडा ऐकला, आणि पहिल्यांदाच त्याने आमच्याकडे थोडे भयाने पाहिले. जळगावात वस्तू खोटी आहे असे म्हटल्यास वाद होतो. ती काट्याला कमी भरली असे म्हटल्यास वाद मिटतो.

राहिला प्रश्न दोन किलोमीटरचा. या अंतराचा उगम शोधता असे कळले की जाणत्या कारखानदारांनी मोजणीसाठी एक मानक मान्य केले आहे, आणि त्यानुसार जेथे बत्तीचा उजेड क्षीण होत होत पाव लक्सवर येतो, तेथपर्यंत तिची पोच धरली जाते. पाव लक्स म्हणजे साधारणपणे निरभ्र पौर्णिमेचे चांदणे. म्हणजे सहाशे वीस रुपये खर्चून दोन किलोमीटरवर आपल्या पदरात जे पडावयाचे ते चांदणेच, आणि ते खान्देशात महिन्यातून काही रात्री विनामूल्य पडते. शिवाय हे अंतर दुप्पट करावयाचे तर झोताची तीव्रता चौपट करावी लागते. दोन किलोमीटरसाठी तब्बल दहा लक्ष कँडेला हवेत. ल्युमेन आणि कँडेला यांतला भेद खजिनदारांना समजावून सांगताना मी तापीचा पूर आणि रंगपंचमीची पिचकारी यांचा दृष्टांत दिला: ल्युमेन म्हणजे एकूण पाणी किती, आणि कँडेला म्हणजे ते एका ठिकाणी किती जोराने बसते. “मग आपलं आवार केवढं?” त्यांनी विचारले. आवार या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ पावले होते. त्यापलीकडे दुसऱ्या संस्थेची भिंत, आणि तिच्यापलीकडे काय चालते हे दोन किलोमीटरपर्यंत पाहण्याचा अधिकार ठरावाने आम्हाला दिलेला नव्हता.

पाण्याचा विषय निघाला तसा दुकानदाराने ‘आयपीएक्स ७’ असा शिक्का दाखविला. हा आकडा खरा असेल तर बत्ती एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहू शकते. ‘४’ असेल तर तिने फक्त शिंतोडे सोसावेत. वैशाखात जळगावी एक मीटर खोल पाणी कोठे आढळते, असे अध्यक्षांनी विचारले, आणि त्याला समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे ‘४’ पुरेसा मानण्यात आला. प्रत्यक्ष प्रकाश पाहावा म्हटले तर बाहेर लक्षभर लक्सचे ऊन. त्यात काजवा आणि सर्चलाइट सारखेच. शेवटी दुकानदाराने आम्हाला जिन्याखालच्या अडगळीत नेले, आणि पुढची वीस मिनिटे एक गार्ड, एक व्यापारी आणि एक लेखनिक अशी तीन प्रौढ माणसे खोक्यांच्या ढिगाऱ्यात उकिडवी बसून एकमेकांच्या डोळ्यांवर उजेड पाडीत होती.

तेथे आम्हाला ‘मोड’ नावाच्या उपद्रवाची ओळख झाली. जुन्या बत्तीला दोनच अवस्था ठाऊक होत्या, लागणे आणि न लागणे. नवीला पाच आहेत. पहिल्यांदा कळ दाबली की डोळे दिपतात, दुसऱ्यांदा बरे वाटते, तिसऱ्यांदा हवा तेवढाच मंद उजेड पडतो, चौथ्यांदा ती अपस्मार झाल्यासारखी लकाकू लागते, आणि पाचव्यांदा तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड अशा लुकलुकीने बुडत्या जहाजाचा संदेश देते. बत्ती मालवावयाची म्हणजे या लकाकीतून आणि जहाज बुडवूनच बाहेर पडावे लागते. समुद्रापासून इतक्या दूरच्या जळगावात हा संदेश वाचून मदतीला कोण धावेल, असा माझा प्रश्न होता. पण अध्यक्षांचा चेहरा उजळला होता. तांबडा, हिरवा आणि पांढरा अशा तीन रंगांच्या हातबत्तीवर ज्याने आयुष्यभर गाड्या हलविल्या, त्याला लुकलुकणाऱ्या दिव्याचे वेड कसे सुटावे? रेल्वेने २०२२ साली ‘गार्ड’ हे पदनाम काढून ‘ट्रेन मॅनेजर’ केले, हे त्यांना मनापासून रुचलेले नाही. कारण त्यांच्या मते मॅनेजर टेबलाशी बसतो, आणि गार्ड अंधारात दिवा धरून उभा राहतो. दोन किलोमीटरची ती बत्ती त्यांनी हातात घेतली, आणि ती पुन्हा खाली ठेवणार नाहीत, हे आम्ही ओळखले.

निर्णय तरीही एका मुक्कामासाठी लांबणीवर पडला. खजिनदारांचे एक मेहुणे रावेरकडे केळीचे बागायतदार आहेत. पहारा करणाऱ्यापेक्षाही अंधाराचा अनुभव त्यांना अधिक, म्हणून त्यांचे मत घेण्याचे ठरले. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, आणि पाळी रात्रीची असली म्हणजे ‘लाईट’ आली की उठून मोटार चालू करावयास शेतात जावे लागते. मौज अशी की भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक केंद्राच्या चिमण्या अहोरात्र धुरावत असतात, तेथली वीज महाराष्ट्रभर जाते, आणि त्याच जिल्ह्यातला शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन तिची वाट पाहतो. दिव्याखाली अंधार ही म्हण कोणत्या जिल्ह्यात जन्मली असावी, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. मेहुण्यांनी आमची दोन किलोमीटरची हकिगत शांतपणे ऐकून घेतली. मग भिंतीवरची, कपाळाला पट्ट्याने बांधावयाची एक लहानशी बत्ती काढून दाखविली, आणि म्हणाले, “लांब बघायची हौस बिबट्या दिसेपर्यंत. दुरून दोन डोळे चमकले की माणूस आपोआप घरी येतो, त्याला काही जास्त उजेड लागत नाही. पण घोणस चमकत नाही. ती पाचटात, पायापुढे पडलेली असते. म्हणून उजेड पायापुढे दोन पावलं, आणि हात मोकळे. स्टार्टरचं बटण दाबायला एक हात लागतोच की.” मुठीत धरलेली बत्ती ही हात अडवून ठेवते, हे सत्य इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते, कारण कचेरीत माझे दोन्ही हात तसे मोकळेच असत.

जळगावला परत आल्यावर दोन नमुने राखणदाराला आठवडाभर वापरून पाहण्यास देण्यात आले. पैकी मोठीने पहिल्याच रात्री आपले कर्तृत्व दाखविले. समोरच्या इमारतीतील तीन बिऱ्हाडे जागी झाली, आवारातली सगळी कुत्री झोताचा पाठलाग करीत भिंतीवर आपटू लागली, आणि अध्यक्षांनी गच्चीवरून लकाकीचा इशारा देताच राखणदाराने, गाडी सुटावयाची आहे असे समजून, फाटक सताड उघडले. दुसऱ्या दिवशी त्याला अभिप्राय विचारला. तो म्हणाला, “जिभाऊ, बॅटरी लायी का मी चोरले दिसस, पन चोर माले दिसत नई.” या एका वाक्यात जे शास्त्र आहे, ते मला पुढे वाचून कळले. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. एका झगझगीत झोताने ती सारी कमाई क्षणात बुडते, आणि झोत मालवल्यावर पहारेकरी पुन्हा अर्धा तास आंधळा होतो. म्हणून जाणता राखणदार बहुतेक वेळ अंधारातच उभा राहतो, कानांनी पाहतो, आणि बत्ती लावतो ती एक तर पायाखाली, किंवा आपण जागे आहोत हे लोकांना कळावे म्हणून. चोर पकडणे हे काही तिचे मुख्य काम नव्हे. राखणदार झोपलेला नाही, एवढा दाखला खिडकीच्या गजांवरून फिरविणे, हेच तिचे काम. तो दाखला पाहून चोर पुढच्या गल्लीत जातो आणि सभासद कुशीवर वळतात.

सबब उपसमितीने एकमताने दोन बत्त्या घेतल्या, कारण एका बत्तीवर एकमत होणे शक्य नव्हते. एक सहाशे वीस रुपयांची, दोन किलोमीटरची. दुसरी तीनशे दहाची, राखणदाराच्या पसंतीची. या दुसरीचे गुण थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोगी पडतील म्हणून: उजेडाचे दोनच प्रकार, मंद आणि तेज, आणि पहिल्या दाबाला मंदच लागणार, घट काढून बदलता येणारा, मानकांक असलेला, आणि काट्याला साडेचार तोळे भरलेला, राखणदाराच्या मोबाइलचाच चार्जर चालणारा, घामट हातातून निसटू नये इतके खडबडीत अंग, मनगटात अडकवावयास दोरी, आणि अंगावर कोठेही वाघ नाही. तिचा पांढरा उजेड पाहताना मला नेहमी वाटते की यात मूळ दिवा निळा असतो आणि त्यावर पिवळ्या भुकटीचा लेप दिलेला असतो, तेव्हा कोठे पांढरे दिसते. आणि त्या निळ्या दिव्यासाठी जपानात जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तीनशे दहा रुपयांत राखणदाराच्या मनगटाला नोबेल पारितोषिक लोंबकळत असते, आणि तो त्याच्या उजेडात तंबाखूला चुना लावतो.

खरेदी झाल्यावर राखणदाराने आणखी एकच मागणी केली: चौकीत एक खिळा. मी सहज दोन आणले. त्याने एक दाराच्या आत, उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर ठोकला, दोरीने बत्ती त्यावर अडकविली, आणि त्या दिवसापासून गस्तीहून आला की ती तेथे आणि उठला की ती हातात, हा नेम ठेवला. मोठी बत्ती मौल्यवान असल्यामुळे ती अध्यक्षांच्या घरी सुरक्षित ठेवण्याचे ठरले. ती कपाटात ठेवली गेली, कपाटाला कुलूप लावले गेले, आणि किल्ली जेथे सुरक्षित असते तेथे ठेवली गेली.

मृगाच्या आधी वळवाचा पाऊस आला त्या रात्री, विजेची तार कोठेतरी तुटून सगळा भाग अंधारात बुडाला. टाकीच्या बाजूला काहीतरी खळकन वाजले. मोबाइलचे दिवे लावून खिडक्यांत उभे राहिलेल्या सभासदांनी अध्यक्षांच्या नावाने हाका मारण्यास सुरुवात केली, आणि अध्यक्षांच्या घरातून भांडी पडल्याचे आवाज येऊ लागले. ते किल्ली शोधीत होते. किल्ली सापडली तेव्हा कुलूप सापडेना, कुलूप सापडले तेव्हा बत्ती लागेना, कारण इतके दिवस कपाटात सुरक्षित राहून ती पूर्ण उतरलेली होती. मनुष्याने शोध लावलेल्या यच्चयावत साधनांत विजेरी हीच एक अशी आहे की जी शोधण्यासाठी नेमकी तीच लागते. एवढ्यात खाली आवारात, ओल्या फरशीवर, पायापुढे दोन पावले, मंद उजेडाचा एक गोल शांतपणे सरकताना दिसला. तो टाकीपर्यंत गेला, क्षणभर तेज झाला, पुन्हा मंद झाला, आणि खालून आवाज आला, “काही नई, भाऊ. पत्रा पडना.” खिडक्या एकामागून एक मिटल्या.

वर्षअखेर लेखापरीक्षण झाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधून सुटका कोणाचीच नाही, मग आमची कोठून असणार? लेखापरीक्षकांनी सहाशे वीस रुपयांची पावती पाहिली आणि तिच्यावर बरोबरची खूण केली. दोन किलोमीटरवर काय पाहिले, असे विचारले नाही. तीनशे दहाची पाहिली, तिच्यावरही केली. त्यानंतर त्यांची पेन्सिल थांबली, आणि अहवालात एकच आक्षेप उमटला: ‘खिळे नग २, रुपये ४, पावती नाही, वापराचा खुलासा करावा.’ त्यावर दोषदुरुस्ती अहवाल पाठविणे हे चिटणिसाचे कर्तव्य. मी तो माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला: ‘पावती नाही, हे मान्य. सदर खिळ्यांपैकी एक राखणदाराच्या चौकीत ठोकला असून दुसरा अध्यक्षमहोदयांच्या विनंतीवरून त्यांच्या घरी बसविण्यात आला आहे. दोन्ही खिळे आपापल्या जागी आहेत, याची खातरजमा कोणत्याही रात्री, दिवे गेलेले असताना, हाताने करून घेता येईल.’